धारपांची पुस्तके कपाटात परत ठेवा

आमच्या थोरल्या बंधूंनी आपल्या अखेरच्या आजारपणात घरातील पुस्तके धर्मग्रामाच्या वाचनकक्षाला देऊन टाकली. त्यांत संतचरित्रे होती, शेतीवरची पुस्तके होती, जुने दिवाळी अंक होते आणि नारायण धारप यांची १४ पुस्तके होती. गेल्या महिन्यात आमच्या पुतणीने कळविले की, ही चौदा पुस्तके कपाटातून काढण्यात आली आहेत. कोणा पालकाने तक्रार केली, समितीत दहा मिनिटे चर्चा झाली आणि निर्णय झाला. पुस्तके सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवली असून सणापूर्वीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याकडे जाणार आहेत. कारणे तीन सांगण्यात आली. पहिले, अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते. दुसरे, भुताखेतांचे वाचन ख्रिस्ती घराला शोभत नाही. तिसरे, हे काही साहित्य नव्हे.

ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. मुलांच्या हाती काय पडते याची काळजी वाहणारी माणसे आज विरळ होत चालली आहेत. परंतु हेतू चांगला असला म्हणजे निर्णय बरोबर असतोच असे नाही. हा निर्णय चुकीचा आहे आणि तो बदलता येण्याजोगा आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आम्ही हे मंडणगडहून लिहीत आहोत. नोकरीच्या निमित्ताने येथे आलो आणि येथलेच झालो. रत्नागिरी जिल्ह्याचे हे अगदी उत्तरेकडचे टोक. पलीकडे सावित्री नदी आणि तिच्या पैलतीरी रायगड जिल्हा. तालुक्यात रेल्वे नाही, एस. टी. आणि खाडीवरची फेरीबोट यांवरच सारी भिस्त. आपली घरे येथे मोजकीच. त्यामुळे धर्मग्रामाच्या गजबजाटात राहणाऱ्या वाचकांना जे सहज मिळते, त्यासाठी आम्हांला वाट पाहावी लागते. पुस्तकांसाठी तर फारच. म्हणूनच कदाचित चौदा पुस्तके रद्दीत जाणार हे ऐकून आम्ही इतके अस्वस्थ झालो.

आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड नावाचे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या द्विखंडात्मक कादंबरीने हे नाव मराठी वाचकाला परिचित केले. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातील मुर्डीचे, म्हणजे आमचे शेजारीच. पुढे २०१८ साली 'तुंबाड' नावाचा हिंदी चित्रपट आला. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारे अनिल बर्वे यांचे चिरंजीव राही अनिल बर्वे यांनी तो दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला आणि तो मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लावला गेला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही अधिक गर्दी लोटली. पेंडशांकडून या चित्रपटाने केवळ गावाचे नाव घेतले. त्यातील भयाचे मूळ धारपांच्या कथेत आहे. अंधाऱ्या घरात, बांधून ठेवलेल्या वृद्ध आजीपाशी एकटा राहिलेला मुलगा ज्यांनी पडद्यावर पाहिला, त्यांनी धारपांच्या 'आजी' या कथेची सावली पाहिली आहे. परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या दहा तरुणांना विचारा. धारप हे नाव एकाला तरी ठाऊक असेल काय?

नारायण धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा आणि मृत्यू १८ ऑगस्ट २००८ चा. म्हणजे २०२५ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा या तीन प्रांतांत त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. एस. टी. स्थानकावरचे विक्रेते आणि गल्लीतील भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये यांनी त्यांना महाराष्ट्रभर पोहोचविले. आमच्या बंधूंनी आपली बहुतेक पुस्तके अशीच प्रवासात, दादरच्या पदपथावर आणि स्थानकांवरच्या दुकानांत घेतलेली होती. काहींच्या पहिल्या पानावर त्यांनी तारीख आणि प्रवासाचे ठिकाण लिहून ठेवलेले आहे. साहित्याच्या इतिहासात मात्र धारपांना बहुधा एखाद्या परिच्छेदावर समाधान मानावे लागते.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. तो आम्ही हलका लेखत नाही, कारण अंधश्रद्धेची किंमत आम्ही येथे डोळ्यांनी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत आमच्या परिचयाच्या एका बाईंना बांधावर फुरसे चावले. फुरसे हा कोकणचा नित्याचा शत्रू. आकाराने लहान, पण विषाने भयंकर. घरच्यांनी त्यांना प्रथम भगताकडे नेले. मंत्र झाले, अंगारा झाला, दोरा बांधून झाला आणि त्यात कित्येक तास गेले. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा जीप शोधली गेली. प्रतिविष मिळाले आणि बाई वाचल्या, परंतु पायाची जखम भरून यायला महिने लागले. त्या कुटुंबाला हिणवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. दवाखाना दूर, रात्रीचे वाहन नाही, हाती पैसा नाही, आणि भगत मात्र हाकेच्या अंतरावर. माणसे काय करतील? आम्हांस इतकेच म्हणायचे आहे की, त्या घराला भगताकडे नारायण धारपांनी पाठविले नव्हते. त्या घरात धारपांचे पुस्तक नव्हते; कोणाचेच नव्हते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. हा कायदा काय मना करतो ते पाहावे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात स्पष्टपणे गुन्हा आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा गुन्हा आहे. भयकथा लिहिणे वा वाचणे हा गुन्हा नाही. कायद्याला जो फरक कळला तो आपल्या समितीला कळू नये, याचे नवल वाटते. भगत सांगतो ते खरे म्हणून सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. कथाकार सांगतो ते कथा म्हणून सांगतो. मुखपृष्ठावरच तसे छापलेले असते. ज्या मुलाला या दोहोंतील भेद लहानपणी कळला, तो मोठेपणी भगताच्या दारात सहसा उभा राहणार नाही. कथेची सवय हीच खोट्याला ओळखण्याची पहिली शाळा होय.

आणि धारपांच्या कथेत असते तरी काय? त्यांचा नायक बहुधा साधा, शिकलेला, नोकरदार माणूस. तो भोळसट नसतो. विचित्र घटना घडू लागल्या म्हणजे तो प्रथम नैसर्गिक कारणे शोधतो, स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवतो, इतरांना विचारतो. दुष्ट शक्ती त्याच्या घरात शिरते ती पुष्कळदा कोणा माणसाच्या लोभातून, सूडातून वा सत्तेच्या हव्यासातून. 'समर्थ' ही त्यांची लोकप्रिय व्यक्तिरेखा घ्या. संकटात सापडलेल्यांच्या मदतीला धावणारा हा पुरुष धंदेवाईक मांत्रिकाच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. त्याचे बळ त्याच्या शुद्ध आचरणात आणि निर्भयतेत आहे. अशा कथांतून वाचकाच्या मनावर ठसते ते हे की, वाईटाला दार माणूसच उघडून देतो आणि ते बंद करण्याचे धैर्यही माणसालाच दाखवावे लागते.

दुसरा आक्षेप धर्माचा. येथे आम्हांस आपल्याच घरातील ग्रंथांची आठवण करून द्यावीशी वाटते. एन्दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे रात्री वेषांतर करून जाणारा शौल राजा शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात, २८व्या अध्यायात आहे. थडग्यांतून राहणारा, साखळ्या तोडणारा भूतग्रस्त मार्कच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात आहे. ही वर्णने वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा म्हणूनच ती तशी लिहिली गेली आहेत. पवित्र शास्त्राने दुष्टतेचे चित्र रंगविणे टाळलेले नाही. तिच्यापुढे नमणे तेवढे निषिद्ध ठरविले आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात २११६ आणि २११७ या क्रमांकांच्या परिच्छेदांत भविष्यकथन व जादूटोणा यांचा निःसंदिग्ध निषेध आहे. परंतु तो निषेध कृतीचा आहे. हात दाखविणे, कौल लावणे, करणी करणे यांचा आहे. गोष्ट वाचण्याचा नाही. ज्या घरांत वर्तमानपत्रातील राशिभविष्य रोज सकाळी चहाबरोबर वाचले जाते, त्या घरांनी धारपांवर बोट रोखावे हे आम्हांस जरा गमतीचे वाटते.

शिवाय, ज्या वाङ्मयप्रकारांना आपण हलके समजतो त्यांत आपल्याच माणसांनी थोर कामगिरी केली आहे. चेस्टरटन यांनी १९११ साली फादर ब्राउन या धर्मगुरू-गुप्तहेराच्या कथांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. ही व्यक्तिरेखा त्यांना फादर जॉन ओ'कॉनर या आपल्या मित्रावरून सुचली होती आणि त्याच फादरांच्या हस्ते १९२२ साली ते कॅथलिक झाले. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी बायबलचे इंग्रजी भाषांतर केले आणि गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांसाठी १९२९ साली दहा नियमही घालून दिले. 'द एक्झॉर्सिस्ट' ही १९७१ ची भयकादंबरी लिहिणारे विल्यम पीटर ब्लॅटी येशूसंघीयांच्या विद्यापीठात शिकलेले कॅथलिक होते. धर्माने त्यांना अशा लेखनापासून परावृत्त केले नाही. दुष्टता ही केवळ एक मनोवृत्ती नसून तिच्याशी प्रत्यक्ष झुंजावे लागते, ही जाणीव त्यांना धर्मानेच दिली असावी.

तिसरा आक्षेप असा की, हे साहित्य नव्हे. येथे मात्र आम्ही धारपांचे अंध भक्त होणार नाही. त्यांनी पुष्कळ लिहिले आणि पुष्कळ लिहिणाऱ्याचे सगळेच सारखे उतरत नाही. काही पुस्तके घाईची आहेत. काहींचा शेवट गुंडाळलेला वाटतो. त्यांचे जग प्रामुख्याने मध्यमवर्गीयांचे आहे; आमच्या खाडीवरचा कोळी वा डोंगरातला धनगर त्यात फारसा डोकावत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उसनवारी. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, 'शपथ' ही त्यांच्याच १९८६ च्या 'इट'वर. 'आजी' या कथेचे मूळही किंग यांच्याच एका कथेत आहे. धारपांचे काही चाहते हे लपवू पाहतात. ते त्यांनी करू नये. ज्याचे ऋण त्याचे नाव, हा साधा प्रामाणिकपणा आहे, आणि प्रकाशकांनी प्रत्येक नव्या आवृत्तीत मूळ लेखकाचे व कृतीचे नाव ठळकपणे छापावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु रूपांतर म्हणजे कमअस्सल, हा न्याय लावायचा तर तो सर्वांना लावा. आगरकरांचे १८८३ चे 'विकारविलसित' हे हॅम्लेटचे रूपांतर होते. देवलांचा 'झुंझारराव' हा ऑथेल्लो होता. त्यांना आपण मराठी नाटकाच्या इतिहासात मानाने बसविले. प्रश्न उसने घेतले की नाही एवढाच नसतो, ते येथल्या मातीत रुजविले की नाही हाही असतो. 'सेलम्स लॉट'मध्ये फादर कॅलहन नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू आहेत. त्यांच्या हातात क्रूस असतो, परंतु त्यामागचा विश्वास ऐनवेळी डळमळतो, आणि क्रूस हातात असूनही ते हरतात. आपल्या वाचकांना याहून मोठे प्रवचन कोणते हवे? अमेरिकेतील गावाची ही कथा मराठी गावात आणायची तर नुसती नावे बदलून भागत नाही. तिथल्या चर्चच्या, तळघराच्या, दुकानाच्या जागी इथला वाडा, इथले शेजारी, इथले भय आणि इथला आधार उभा करावा लागतो. 'लुचाई' वाचताना हे अमेरिकेतून आले आहे असे क्षणभरही वाटत नाही. एक गाव हळूहळू ग्रासले जात आहे आणि प्रत्येक जण आपले दार लावून गप्प बसला आहे. हे गाव आपल्या ओळखीचे वाटते. हे कसब आहे, आणि कसबाला कसब म्हणावे.

येथे एक अनुभव सांगितला पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील आंबा, सुपारी, नारळाच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. विजेचे खांब पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. टाळेबंदीमुळे शाळा आधीच बंद होत्या. आमच्या पडवीत संध्याकाळी शेजारची चार मुले येऊन बसत. भ्रमणध्वनी बंद, दूरचित्रवाणी बंद. पत्र्याच्या ट्रंकेत कोरडी राहिलेली पुस्तके आम्ही बाहेर काढली. कंदिलाच्या उजेडात एक मुलगा वाचू लागला आणि बाकीची ऐकू लागली. ते पुस्तक धारपांचे होते.

ज्या मुलांना शाळेतील धडा वाचताना जांभया येत, ती मुले पान संपल्यावर वाचणाऱ्याला थांबू देत नसत. अडलेला शब्द विचारीत. 'असे खरेच होते का?' असा प्रश्न पहिल्या रात्री आला. आम्ही म्हणालो, 'तुम्हीच सांगा.' मग वाद झाला, आणि तो पुढे रोजच होऊ लागला. वादळ कशाच्या तरी कोपाने आले असे गावात कोणी कोणी म्हणत होते. त्यावर त्या मुलांतील सर्वांत लहान मुलगी म्हणाली की, गोष्टीत भूत येते तेव्हा लेखकाने ते आणलेले असते. वादळ कोणी आणले ते हवामान खात्याला विचारायला हवे. आम्ही तिला असे काहीही शिकविले नव्हते. गोष्ट आणि वास्तव यांमधला उंबरठा तिला गोष्टीनेच दाखविला होता. त्या चौघांतील तिघे आज आमच्याकडून पुस्तके नेतात, आणि ती सगळीच धारपांची नसतात.

म्हणून, वाचकहो, आमचे म्हणणे थोडक्यात असे. धारप हे सर्वश्रेष्ठ साहित्यिक आहेत असा आमचा दावा नाही. ज्यांच्यामुळे हजारो मराठी माणसे पुस्तक हाती धरू लागली अशांपैकी ते एक आहेत, आणि वाचक घडविणाऱ्याला रद्दीत घालणारा समाज पुढे वाचकच उरले नाहीत म्हणून रडत बसतो.

ज्यांना हा लेखक नवा आहे त्यांनी सुरुवात कशी करावी? आमच्या अनुभवाप्रमाणे प्रथम कथासंग्रह हाती घ्यावेत. लहान कथेत त्यांची पकड अधिक घट्ट असते. मग समर्थांच्या कथा. त्यानंतर 'चेटकीण' किंवा '४४० चंदनवाडी' यांसारखी एखादी कादंबरी. 'लुचाई' पुढे, आणि 'शपथ' सर्वांत शेवटी, कारण तिला सवड लागते. भुतांचा ज्यांना मुळातच तिटकारा आहे त्यांनी 'नेनचिम' ही विज्ञानकादंबरी वाचावी आणि हा लेखक केवळ भुतांचा नव्हता याची खात्री करून घ्यावी. तेरा-चौदा वर्षांखालील मुलांना ही पुस्तके एकट्याने, रात्री वाचू देऊ नयेत. आईवडिलांनी सोबत बसून वाचावीत आणि वाचून झाल्यावर बोलावे. तक्रार करणाऱ्या पालकाची काळजी रास्त आहे. तिचे उत्तर मुलासोबत बसून वाचणे हे आहे, सुतळी हे नव्हे.

समितीला आमची विनंती साधी आहे. चौदाही पुस्तके जिन्याखालून काढा. पावसाळ्याची ओल लागली असेल तर दोन दिवस सावलीत पसरून ठेवा. उन्हात नको, कागद तडकतो. मग मोठ्या मुलांच्या खणात ती लावा. हवे तर त्या खणाला कुलूप घाला आणि किल्ली जबाबदार माणसाच्या हाती द्या. त्यांच्या शेजारी फादर ब्राउनही ठेवा, दोघांचे जमेल. आणि इतके करूनही पुस्तके नकोशीच वाटत असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हांला एक निरोप धाडा. आम्ही एस. टी. ने येऊन ती घेऊन जाऊ. मंडणगडला त्यांची वाट पाहणारी मुले आहेत.